टेकडीची वजाबाकी

वेताळ टेकडी समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर उंच, पुणे शहराच्या पोटातली सगळ्यात उंच जागा. अंधार असतानाच लोक चढू लागतात. कुणी विधी महाविद्यालयाच्या बाजूने, कुणी चतुःशृंगीकडून. त्यातल्या काहींच्या हातात पाच लिटरचा कॅन असतो. ते आपापल्या रोपाला पाणी घालतात, वाटेतल्या बाटल्या आणि वेष्टनं गोळा करतात आणि ऊन चढायच्या आत उतरतात. टेकडी टिकली आहे त्यात या माणसांचा वाटा मोठा.

टेकडीवरून जाणारे रस्ते, बोगदे, बांधकामं यांची यादी वेगळी. तिच्यासाठी सभा होतात, मोर्चे निघतात. खालची यादी भल्या माणसांच्या हातून गेलेल्या आणि जात असलेल्या गोष्टींची आहे.

माळ
पुण्यात वर्षाला साधारण ७०० मिलिमीटर पाऊस. टेकडीवर काळा कातळ आणि त्यावर मातीचा पातळ थर. अशा जागी मूळचं असतं ते गवत, आणि गवतात दूर दूर उभी झाडं: सालई, धावडा, खैर, हिवर, मेढशिंगी. बघणाऱ्याला ही जागा उजाड वाटते, आणि उजाड जागा हिरवी करणं पुण्याचं काम. आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील या अभ्यासकांनी जुन्या मराठी ग्रंथांतले आणि लोकगीतांतले झाडांचे उल्लेख धुंडाळून दाखवलं की पश्चिम महाराष्ट्रातले माळ कित्येक शतकांपासून माळच आहेत. म्हणजे इथलं जंगल तुटून माळ उरलेला नाही. तरी दर पावसाळ्यात कुणीतरी तो ‘भरून काढायला’ येतं.

माळाचा रंग
गिरिपुष्प मूळचं मेक्सिको आणि मध्य अमेरिकेचं. सामाजिक वनीकरणाच्या काळात ते टेकड्यांवर आलं, कारण फांदी खोचली तरी जगतं, झपाट्याने वाढतं आणि मातीत नत्र धरतं. लावणाऱ्यांचा हिशेब चुकीचा नव्हता. टेकडी हिरवी झाली. पण त्याच्या दाट सावलीत गवत धरत नाही. फेब्रुवारीत ते गुलाबी फुलतं, लोक फोटो काढतात. त्याच दिवसांत निष्पर्ण गणेरीवर पिवळी आणि पांगाऱ्यावर लाल फुलं असतात. ती बघायला आता शोधत जावं लागतं.

कुसळ
चालणाऱ्याच्या मोज्यात घुसणारं, म्हणून नकोसं. कुसळीच्या बियेला पीळ असलेली लांब शेपटी असते. ओल लागली की पीळ सुटतो, वाळलं की पुन्हा बसतो, आणि तेवढ्या हालचालीवर बी स्वतःला मातीत रुजवते. खड्डा नको, खत नको, श्रमदानही नको. टेकडीवरचा सगळ्यात जुना वृक्षारोपण कार्यक्रम हाच, फक्त वृक्षाऐवजी गवताचा.

विळा
शहरात गोठे होते तेव्हा गवत कापून नेणारी माणसं होती. ओझी उतरली की उतार मोकळे व्हायचे. गोठे गेले, विळे गेले, गवत जागेवरच वाळू लागलं. मग फेब्रुवारी ते मे वणव्याला एक बिडी पुरते. आता स्वयंसेवक हिवाळ्यात जाळरेषा काढतात, वणवा लागला की हिरव्या फांद्यांनी झोडपतात. पूर्वी जे काम म्हशींच्या भुकेने होत होतं, ते आता रविवारच्या सुट्टीत करावं लागतं.

काटा
बोर, हिवर, खैर यांची झुडपं वाट साफ करताना पहिली जातात. मुलांना लागेल, कपडे फाटतील, ही कारणंही खरीच. याच काट्यांच्या आत बुलबुल घरटं करतो. खाटीक पक्षी मारलेला नाकतोडा, सरडा काट्याला टोचून ठेवतो आणि सवडीने खातो. झुडूप गेलं की खाटकाचं दुकान बंद. त्या जागी वड, पिंपळ, कडुनिंब लावतात. ते देशी आहेत हे कबूल. या कातळ-उताराचे नाहीत.

वठलेलं झाड
सगळ्यांच्या डोळ्यांवर येतं. ‘पडेल कुणाच्या अंगावर’ असा अर्ज जातो. वाटेवरचं झाड काढावंच लागतं, पण वाटेपासून लांबचंही काढलं जातं, कारण ते वाईट दिसतं. तांबटाला ढोली कोरायला मऊ झालेलं लाकूड लागतं. त्याने सोडलेल्या ढोल्यांचा दुसऱ्या पक्ष्यांना उपयोग होतो. पिंगळा आणि पोपट आयत्या पोकळ्यांवरच जगतात. जिवंत झाड लावून हे घर मिळायला माणसाचं एक आयुष्य तरी जातं.

पाचोळा
बाग म्हणजे झाडलेली जागा, ही आपली समजूत. त्यामुळे झाडू टेकडीवरही चढला. रस्त्यावरच्या पाचोळ्यासाठी पुण्यात चांगली सोय झाली आहे: २०१६ साली सुरू झालेल्या ‘ब्राउन लीफ’ चळवळीने तो जाळण्याऐवजी पोत्यात भरून बागवाल्यांकडे पोचवायला शिकवलं. टेकडीवरचा पाचोळा मात्र कुठेही पोचवायचा नसतो. तो योग्य पत्त्यावरच पडलेला आहे. त्याखाली वाळवी, गांडुळं, कोळी. वर मातकट रंगाचा रातवा, पाय पडायची वेळ आली तरी न दिसणारा. त्याची अंडीही तिथेच, उघड्या जमिनीवर.

टिटवीची चार अंडी
टिटवीही जमिनीवरच अंडी घालते, खड्यांत खड्यांसारखी. तिचा हंगाम उन्हाळ्यात. वृक्षारोपणाचे खड्डेही उन्हाळ्यातच खणतात, म्हणजे पहिल्या पावसात रोपं लावता येतात. कुदळ आणि टिटवी एकाच महिन्यात एकाच सपाटीवर येतात. टिटवी ओरडते, ती नेहमीच ओरडते म्हणून कुणी थांबत नाही.

मातीची वाट
पायांनी पडलेली वाट उताराचा कल बघून जाते, दगडाला वळसा घालते, पावसाळ्यात जिरते. मग तिला पायऱ्या येतात, कडेला विटा येतात, कुठे पेव्हर ब्लॉक येतात. ज्येष्ठांची सोय होते, हा मोठा फायदा. पाणी मात्र आता जिरत नाही, ब्लॉकच्या कडेने धावतं आणि तिथली माती घेऊन उतरतं. मातीचा थर मुळात पातळ. तो श्रमदानाने परत येत नाही.

अंधार
वाटेवर दिवे हवेत, अशी मागणी बहुतेक चालणाऱ्यांचीच असते. रातवा आणि पिंगळा यांच्या वतीने अर्ज करणारं कुणी नसतं.

मोराचा बुजरेपणा
मूठभर दाणे टाकले की मोर दहा पावलांवर येतो. मुलं खूश होतात. काही दिवसांनी पाच पावलांवर येतो. त्याच भूतदयेने कुत्र्यांना बिस्किटं मिळतात. पोट भरलेलं कुत्रंही सशामागे, घोरपडीमागे धावायचं थांबत नाही. मोराचा जीव त्याच्या भित्रेपणावर तगलेला असतो. तो आपण दाण्याच्या मोबदल्यात काढून घेतो.

पावसाळ्याचा पहिला महिना
पाऊस पडल्यावर कातळावरच्या बोटभर मातीत आभाळी, कवला, मुसळी उगवतात. काही आठवड्यांचा मुक्काम, मग वर्षभर जमिनीखाली कंद किंवा बी. याच दिवसांत लावणीचे कार्यक्रम होतात. गर्दी, मंडप, पाहुणे, भाषण. मोकळी सपाट जागा बघून मंडप पडतो, आणि मोकळी सपाट जागा म्हणजे नेमका हाच कातळ.

नावं
टेकडीपासून जवळच आघारकर संशोधन संस्थेत वाळवलेल्या वनस्पतींचा संग्रह आहे. प्रत्येक नमुन्याच्या कागदावर नाव, गाव, तारीख. जाणकारांना टेकडी अजून नावानिशी माहीत आहे, पण चढणाऱ्या बहुतेकांना ती ‘झाडं’ आणि ‘झुडपं’ एवढीच. ज्याचं नाव ठाऊक नाही ते उपटायला हात अडखळत नाही. मेढशिंगीचं रोप तण म्हणून निघतं, आणि शेजारी नर्सरीतून विकत आणलेला बहावा लागतो.

मे महिन्यातला माणूस
हा सगळ्यात दुर्मीळ. जुलैत रोपं लावायला कंपन्यांच्या बसगाड्या येतात, सारख्या टोप्या घातलेली माणसं उतरतात, फलक लागतो. इतक्या कोरड्या उतारावरच्या रोपाला पहिले दोन-तीन उन्हाळे पाणी द्यावं लागतं. एप्रिल उजाडेपर्यंत बस नसते, टोपी नसते. कॅन घेऊन चढणारी तीच थोडी डोकी असतात, बरीचशी पांढरी. त्यांना विचारलं, इथे काय लावू, तर ती चटकन उत्तर देत नाहीत. आधी पाणी उचल म्हणतात.

त्यांचा हा क्रम टेकडीने नियम म्हणून घ्यावा. नव्याने येणाऱ्याला पहिलं वर्षभर कॅन द्यावा, कचऱ्याचं पोतं द्यावं, जाळरेषेच्या कामाला न्यावं. झाडं त्याने बारा महिने बघावीत: कुठलं कधी पान टाकतं, कुठे टिटवी बसते, कुठल्या कातळावर आभाळी येते. कुदळ दुसऱ्या वर्षी.