कागदाचे गाव, कागदाचा दिवा

सुरत-भुसावळ लोहमार्गावरील धरणगाव आज दोन गोष्टींसाठी ओळखले जाते. एक कापसाचा व्यापार, आणि दुसरी म्हणजे १३ ऑगस्ट १८९० रोजी येथे झालेला बालकवींचा जन्म. पण या गावाची बाजारपेठ त्याहून पुष्कळ जुनी आहे. १६७४ मध्ये इंग्रजांनी येथे वखार घातली, ती खानदेशी कापडासाठी. पुढच्याच वर्षी आणि पुन्हा १६७९ मध्ये मराठी फौजा येथे येऊन गेल्या. ज्या पेठेत संपत्ती असे, तिच्यावरच अशा स्वाऱ्या होत. त्या काळच्या धरणगावच्या वैभवाची ही एक साक्षच म्हटली पाहिजे.

कापडाच्या जोडीला येथे आणखी एक माल तयार होत असे, याची आठवण मात्र आता फारशी कोणास नाही. तो माल म्हणजे कागद. धरणगावात आणि शेजारच्या एरंडोलात हाताने देशी कागद बनविला जात असे. एरंडोलचा जाडाभरडा कागद तर दूरवर प्रसिद्ध होता. देशी कागदाची कृती कष्टाची होती. जुने गोणपाट आणि तागाचे दोर भिजवून चुन्यात मुरवायचे, कुटून त्यांचा लगदा करायचा, तो हौदातील पाण्यात कालवून बारीक साच्यावर झेलायचा, ओले ताव वाळवायचे, त्यांना खळ द्यायची आणि गुळगुळीत दगडाने घोटायचे. मग कोठे त्यावर बोरू न फुटता चाले. व्यापाऱ्याची रोजकीर्द आणि खतावणी अशाच कागदावर लिहिली जाई, आणि साधुभगवंतांच्या हस्तलिखित पोथ्याही.

पुढे गिरणीचा स्वस्त कागद आला. विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत धरणगावचा कागद पूर्णपणे थांबला होता. एरंडोलास तो थोडाफार टिकून होता, इतकेच. कारागिराच्या हातचे कसब काही एका दिवसात नाहीसे झाले नव्हते. पेढीवरच्या वह्या बदलल्या आणि त्याची मागणी संपली.

जपानमधील गिफू या शहरावरही असाच प्रसंग आला होता. या प्रांतातील मिनो येथे शतकानुशतके हातकागद बनतो. जपानी भाषेत त्यास ‘वाशी’ म्हणतात. ‘वा’ म्हणजे जपानी आणि ‘शी’ म्हणजे कागद. तुतीच्या जातीच्या झाडाच्या सालीपासून तो करतात. या कागदाचे आणि बांबूच्या काड्यांचे कंदील हा गिफूचा जुना धंदा. परंतु दुसऱ्या महायुद्धानंतर त्यास उतरती कळा लागली. १९५१ मध्ये इसामू नोगुची हे शिल्पकार तेथे आले. त्यांचे वडील जपानी आणि आई अमेरिकन. शहराच्या महापौरांनी त्यांना या धंद्यास नवे रूप देण्याची विनंती केली.

नोगुचींनी कारागिरांची पद्धत बदलली नाही. लाकडी साच्याभोवती बांबूची बारीक काडी गुंडाळायची, तिच्यावर कागदाच्या पट्ट्या खळीने चिकटवायच्या आणि वाळल्यावर आतील साच्याचे तुकडे काढून घ्यायचे, हे सारे पूर्वीप्रमाणेच राहिले. त्यांनी मेणबत्तीच्या जागी विजेचा दिवा ठेवला, रंगीत चित्रे गाळली आणि कंदिलास साधे, नवे आकार दिले. या दिव्यांचे नाव ‘आकारी’, म्हणजे प्रकाश. घडी करून चपट्या खोक्यात मावणारे हे दिवे आजही गिफूतच हातांनी बनतात आणि जगभरच्या घरांत लागतात. मिनोच्या कागदास २०१४ मध्ये युनेस्कोच्या वारसा यादीत स्थान मिळाले.

मराठी घरास हा दिवा परका वाटू नये. बांबूच्या कामट्या, कागद आणि खळ यांतूनच आपला आकाशकंदील होत आला आहे. जैन घरास तर झाकलेल्या दिव्याचे मोल अधिकच कळेल. उघड्या ज्योतीवर जीवजंतूंची विराधना होऊ नये म्हणून जिनमंदिरात दीप काचेच्या फानसात ठेवतात. ती जयणा आणि नोगुचींची सौंदर्यदृष्टी यांचे हेतू भिन्न आहेत. सौम्य, आवरणातून येणारा प्रकाश मात्र दोन्हीकडे सारखाच आहे.

जपानची ही गोष्ट दूरची वाटेल. पण धरणगावाहून सुटणारी गाडी सुरतेस जाते, आणि सुरतेच्या पुढे अहमदाबाद आहे. तेथील साराभाई या जैन गिरणीमालक घराण्यातील गौतम आणि गिरा या भावंडांचा राष्ट्रीय डिझाइन संस्थेच्या उभारणीत मोठा वाटा होता. गिराबेनच्या निमंत्रणावरून १९६४ मध्ये जॉर्ज नाकाशिमा तेथे आले. महायुद्धकाळात अमेरिकेने जपानी वंशाच्या लोकांना छावण्यांत ठेवले होते. तशाच एका छावणीत एका जपानी सुताराकडून त्यांनी पारंपरिक सुतारकाम शिकून घेतले होते. लाकडाची गाठ किंवा भेग ते लपवीत नसत. भेग वाढू नये म्हणून तिच्यावर फुलपाखराच्या आकाराचा लाकडी तुकडा बसवीत, आणि तोच त्या मेजाचा अलंकार ठरे. त्यांनी आखलेले फर्निचर संस्थेच्या कार्यशाळेत भारतीय सुतारांच्या हातून तयार होऊ लागले.

गिफूचा कारागीर तगला, कारण त्याच्या हातास नवे काम मिळाले आणि त्या कामास गिऱ्हाईक मिळाले. अहमदाबादेत निमंत्रण देणारे घराणे व्यापाऱ्याचेच होते. धरणगावच्या कागदास यांपैकी काहीच लाभले नाही. कलेचे आयुष्य कारागिराइतकेच खरेदीदाराच्याही हाती असते, हा हिशेब व्यापारी समाजाने तरी विसरू नये.

महाराष्ट्रातील हातकागद अजून संपलेला नाही. दौलताबादजवळील कागजीपुऱ्यात तो आजही बनतो. दिवाळी हा प्रभू महावीरांचा निर्वाणदिन. ज्ञानाचा प्रकाश मावळला म्हणून अठरा गणराजांनी त्या रात्री दीप लावले, अशी परंपरा सांगते. त्यानंतर पाचव्या दिवशी ज्ञानपंचमीला पोथ्यांचे पूजन होते. यंदाच्या चोपडापूजनात हातकागदाची एक वही आणि दारी गावच्या बुरुडाकडून करवून घेतलेल्या कामट्यांचा एक कंदील, एवढी खरेदी कोणत्याही पेढीस जड नाही.