उतारावरचे कवच

वाचकहो, आपल्या घरात पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा किंवा मुलगी असेल आणि गेल्या वर्षभरात जाड टायरची, पुढे शॉकॲब्सॉर्बर असलेली सायकल दारात येऊन उभी राहिली असेल, तर हा लेख आपल्यासाठी आहे. कसबा बावड्यातून रविवारी पहाटे अशा सायकली राजाराम बंधाऱ्यावरून वडणग्याकडे व तेथून केर्लीकडे निघतात. पावसाळ्यात बंधारा पाण्याखाली गेला, की शिवाजी पुलाचा वळसा घेतात. पण जायचे थांबत नाहीत. केर्लीपासून एक वाट जोतिबाला जाते, दुसरी पन्हाळ्याला. मुले चढ चढत असतात, तोवर एक डॉक्टर म्हणून मी निश्चिंत असतो. हृदय आणि फुफ्फुसे यांना चढासारखा दुसरा व्यायाम क्वचितच असेल. काळजी आहे ती परतीची. डांबरी रस्ता सोडून डोंगराच्या पायवाटेने, दगडगोट्यांवरून सायकल खाली सोडण्याची ओढ या वयात स्वाभाविक आहे, आणि तिचा आता रीतसर खेळही झाला आहे.

या खेळाला ‘डाउनहिल’ म्हणतात. १९७६ साली कॅलिफोर्नियातील मरीन परगण्यात काही तरुणांनी जुन्या, जाड टायरच्या सायकली डोंगरावर नेऊन खाली शर्यती लावण्यास आरंभ केला. उतारावर मागच्या चाकातील ब्रेक इतका तापे, की त्यातील ग्रीस जळून धूर निघे आणि ते पुन्हा भरावे लागे. म्हणून त्या वाटेचेच नाव ‘रीपॅक’ पडले. त्या काळच्या छायाचित्रांत स्वारांच्या अंगावर जीन्स आणि जाड बूट दिसतात. डोकी बहुधा उघडीच. १९९० साली अमेरिकेतीलच दुरँगो येथे आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेने माउंटन बाइकची पहिली अधिकृत जागतिक अजिंक्यपद स्पर्धा घेतली. आज त्याच संघटनेच्या नियमानुसार हनुवटी झाकणारे पूर्ण हेल्मेट घातल्याखेरीज डाउनहिलच्या स्पर्धकाला शर्यतीतच काय, सरावासाठीही मार्गावर उतरता येत नाही. पाठ, कोपर, गुडघे यांच्या कवचांची शिफारस आहेच. जगातले सर्वांत कसलेले स्वार एवढे लेवून उतरतात, आणि आपली मुले टी-शर्ट व चप्पल घालून.

आता कोल्हापूरकरांना समजेल असे सांगतो. बावड्याच्या लक्ष्मी विलास पॅलेसमध्ये जन्मलेल्या शाहू महाराजांनी उभारलेले खासबाग मैदान १९१२ सालचे. तेथे किंवा कोणत्याही तालमीत जाऊन पाहा. पैलवानाच्या अंगावर लंगोटाखेरीज काही नसते. मग तो पाठीवर आदळूनही उठतो कसा? त्याचे संरक्षण त्याच्या पायाखाली असते. हौदातील लाल माती खणून, चाळून, तीत ताक, तेल, हळद, लिंबू घालून मऊ राखलेली असते. पडणारे शरीर त्या मातीत किंचित रुतते. थांबायला त्याला थोडा अधिक वेळ आणि थोडे अधिक अंतर मिळते. इजा होते ती वेगामुळे नव्हे. वेग एकाएकी शून्य झाल्यामुळे. जोतिबाच्या उतारावर मात्र कोणी माती खणून ठेवलेली नसते. तेथे दगड आहे. म्हणून हौदातली माती स्वारालाच अंगावर बांधून न्यावी लागते. सायकलस्वाराची सारी संरक्षक साधने म्हणजे ही बांधून नेलेली माती होय.

हेल्मेटचे बाहेरचे टणक कवच पाहून लोक फसतात. खरे काम आतील पांढऱ्या फोमचे असते. नवा टीव्ही ज्या थर्माकोलमध्ये येतो, त्याच जातीचा, पण अधिक घट्ट असा हा फोम डोके आपटताच चिरडला जातो, आणि त्या काही सहस्रांश सेकंदांच्या अवधीत मेंदूला बसणारा धक्का सौम्य होतो. साध्या सायकल हेल्मेटच्या युरोपीय मानकात ते सुमारे दीड मीटर उंचीवरून सपाट पोलादावर पाडून तपासतात. आदळतानाचा वेग ताशी सुमारे वीस किलोमीटर. डाउनहिलसाठी अमेरिकेचे ‘एएसटीएम एफ १९५२’ हे निराळे मानक असून त्यात हनुवटीच्या पट्टीचीही चाचणी असते. वेग दुप्पट झाला की शोषून घ्यावयाची ऊर्जा चौपट होते, हे शाळेतले गणित मुलांना त्यांच्याच सायकलच्या संदर्भात एकदा करायला लावावे.

हेल्मेटचा उपयोग किती? अमेरिकेतील सिअ‍ॅटल येथील १९८९ च्या गाजलेल्या अभ्यासात डोक्याच्या दुखापतीचा धोका ८५ टक्क्यांनी कमी आढळला होता. २०१६ साली चाळीस अभ्यासांचा, ६४ हजारांहून अधिक जखमी सायकलस्वारांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. त्यात डोक्याच्या गंभीर इजेची शक्यता सुमारे ६९ टक्क्यांनी घटलेली दिसली. आकडा थोडा उतरला, दिशा तीच राहिली. हे सारे साध्या सायकलस्वारांविषयी आहे, आणि साधे हेल्मेट जबडा व दात वाचवीत नाही. उतारावर माणूस बहुधा हँडलवरून पुढे, तोंडावर पडतो. पूर्ण हेल्मेटचा आग्रह त्यासाठी.

गेल्या हिवाळ्यात गल्लीतील एक मुलगा आईसोबत दवाखान्यात आला. तळहात सोललेले, ओठ फाटलेला, डोके किंचित दुखत होते. पण बोलणे स्पष्ट, उलटी नाही, बाहुल्या समान. हेल्मेट त्याच्या मांडीवर होते. मी ते हातात घेऊन आतील अस्तर बाजूला केले. उजव्या कानशिलाच्या वर फोमला बोटभर लांबीची भेग होती आणि तेथे तो चेपलेलाही होता. मी म्हणालो, “वहिनी, हे आता टाकून द्या.” त्या चकित झाल्या. “डॉक्टरसाहेब, वरनं तर काय सुद्धा झालेलं दिसत न्हाई. साडेतीन हजाराचं हाय. ह्याला नको तर धाकट्याला हुईल की.”

वाचकहो, त्या माउलीचे काय चुकले? आपली सारी गृहव्यवस्था याच न्यायावर चालते. थोरल्याचा सदरा धाकट्याला, जुन्या साडीची गोधडी, फुटक्या माठात तुळस. धडधाकट दिसणारी वस्तू टाकायची, ही गोष्टच आपल्या हाताला ठाऊक नाही. परंतु हेल्मेट भांड्यासारखे नसते. चिरडलेला फोम पुन्हा फुगत नाही. त्याच जागी दुसऱ्यांदा आघात झाला तर तेथे शोषून घेण्याजोगे काहीच उरलेले नसते. मी त्यांना एवढेच म्हणालो, की याचे साडेतीन हजार त्या दगडावर वसूल झाले. ती भेग ह्याच्या कवटीला पडली असती, तर आपण या खोलीत बसून बोलत नसतो. त्या बराच वेळ हेल्मेट न्याहाळत बसल्या. मग त्यांनी त्याचे पट्टे माझ्याच कात्रीने कापले, म्हणजे भंगारातून उचलून दुसऱ्या कोणी घालू नये. हे मला सुचले नव्हते.

तेव्हा जुने, वापरलेले हेल्मेट विकत घेऊ नका. त्याचा पूर्वेतिहास आपणास कळत नाही. घरात गाडीचे हेल्मेट आहे ते चालेल का, असेही पालक विचारतात. ते इंजिनाच्या गाडीसाठी बनलेले असते, हवा खेळत नाही, आणि चढावर मुलगा ते काढून हँडलला अडकवतो. मग उतारावर ते तेथेच लोंबत राहते. हेल्मेट भुवयांच्या वर दोन बोटांवर बसावे, पट्ट्याखाली एक-दोन बोटेच शिरावीत, मान हलवली तर कपाळाची कातडीही सोबत हलावी. मुलींनी अंबाडा सोडून वेणी मानेशी घ्यावी.

डोक्यानंतर हात. पडताना मनुष्य हात पुढे टेकतो, त्याला इलाज नाही. पूर्ण बोटांचे हातमोजे तळहाताची कातडी वाचवतात. खड्यांनी भरलेली ती जखम धुताना मोठी माणसेही कळवळतात. मोज्यांनी मनगटाचे हाड मात्र वाचत नाही. अंगठ्याच्या मुळाशी, अंगठा ताणल्यावर पडणाऱ्या खळगीत दुखत असेल, तर पहिल्या एक्स-रेत काही न दिसल्यानेही निश्चिंत होऊ नये. तेथील लहान हाडाचा मोड कधी कधी दहा-बारा दिवसांनीच दिसतो. गळपट्टीचे हाडही असेच हातावर किंवा खांद्यावर पडून मोडते, आणि ते वाचवील असे खात्रीचे कवच मी तरी पाहिलेले नाही.

गुडघ्याची व कोपराची नवी कवचे मऊ असतात म्हणून ती कुचकामी समजू नका. घरी एक प्रयोग करा. वाटीत कॉर्नफ्लोअर घेऊन थोड्या पाण्यात दाट कालवा. बोट हळू बुडवले तर ते सहज आत जाईल; बुक्की मारली तर लगदा दगडासारखा अडेल. अशाच वागणुकीची कृत्रिम द्रव्ये या कवचांत वापरतात, म्हणून पायडल मारताना ती वाकतात आणि आपटताना ताठरतात. कवच पायडल मारून घसरत नाही ना, हे दुकानातच पाहावे. मानेच्या कड्याचा विचार मात्र घाईने करू नये. ख्रिस लीएट या दक्षिण आफ्रिकेतील डॉक्टरने एका मोटारसायकलस्वाराचा मृत्यू पाहून ते घडवले. त्याच्या उपयोगाविषयी आजही मतभेद आहेत, आणि चुकीच्या मापाचे कडे नुसती अडचण करते.

सर्वांत स्वस्त संरक्षण म्हणजे हँडलच्या टोकांची रबरी बुचे. ती निघून पडलेली असतात आणि कोणाचे लक्ष नसते. उघडी लोखंडी नळी पोटात घुसली, तर बाहेर फक्त गोल वण दिसतो. आत प्लीहा, स्वादुपिंड किंवा आतड्याला इजा झालेली असू शकते, आणि लक्षणे काही तासांनी, क्वचित दुसऱ्या दिवशीही उमटतात. मुलाच्या पोटावर असा वण दिसला, तर तो हसत-खेळत असला तरी रुग्णालयात दाखवा.

आणि डोके आपटले असेल तर? तो झोपला म्हणून घाबरू नका, पण पहिली रात्र दोन-तीन तासांनी उठवून नाव-गाव विचारा. वारंवार उलटी, वाढती डोकेदुखी, तेच तेच प्रश्न, डोळ्यांसमोर दोन प्रतिमा, झटका, किंवा उठवूनही न उठणे, यांतले एकही दिसले तर १०८ ला फोन करा. मानेत दुखत असेल किंवा मुलगा बेशुद्ध असेल, तर श्वास अडत नाही तोवर पूर्ण हेल्मेट ओढून काढू नका. आयबुप्रोफेन किंवा ॲस्पिरिन आपल्या मनाने देऊ नका. धनुर्वाताचे इंजेक्शन शेवटचे केव्हा झाले, ते आठवून या. आणि हेल्मेट फुटले असेल तरी ते घरी ठेवून येऊ नका. तडा कोणत्या बाजूला गेला आहे, त्यावरून डोक्याची कोणती बाजू आधी तपासायची ते कळते. मुलाला स्वतःला बहुधा ते आठवत नसते.