माकडाचे नाव, गोचिडीचे काम

गाईच्या कासेस चिकटलेली गोचीड दुधाशेजारी राहूनही रक्तच पिते, हा दृष्टांत महाराष्ट्राने कीर्तनकारांच्या मुखातून पिढ्यान्‌पिढ्या ऐकला आहे. सत्संगतीत राहूनही ज्यास चांगले ते घेता येत नाही, अशा मनुष्याची ती खूण. दृष्टांत म्हणून त्यात काही उणे नाही. परंतु त्यामुळे गोचीड म्हणजे केवळ घेणारी, अशी एक समजूत आपल्या मनात बसून गेली आहे. ती काही देतेही, आणि जे देते ते तिने नेलेल्या रक्ताच्या थेंबाहून कितीतरी महाग पडते, ही गोष्ट शास्त्रज्ञांनी सिद्ध केल्यास अद्याप दीडशे वर्षेही लोटलेली नाहीत.

हा विषय आज सुचण्यास कारण एका बैठकीत झालेले संभाषण. सिंधुदुर्गाकडील एक वयोवृद्ध बागाईतदार स्नेही तेथे आले होते, व बोलता बोलता गोष्ट माकडतापावर आली. "तुम्ही पुण्यामुंबईची मंडळी यावर पुष्कळ लिहिता," ते म्हणाले, "पण उपाय अगदी सोपा आहे. या वानरांचा एकदा कायमचा बंदोबस्त करा, ताप आपोआप जाईल. अहो, नावातच सगळे आले!" वानरांनी केलेली नारळकाजूंची नासाडी ज्याने वर्षानुवर्षे सोसली, त्याच्या तोंडी असे शब्द आले तर त्यांस हसणे आम्हांस योग्य वाटत नाही. परंतु 'नावातच सगळे आले' हे वाक्य मात्र आमच्या मनातून जाईना. नावात खरोखर सगळे आले आहे काय?

अशाच एका आरोपाची चौकशी पूर्वी अमेरिकेत झाली होती. एकोणिसाव्या शतकात तेथील दक्षिणेकडच्या प्रांतांतून गुरांचे कळप विक्रीसाठी उत्तरेस हाकीत नेले जात. ती गुरे दिसावयास धडधाकट असत. पण ज्या कुरणांतून ती जात, तेथे पुढे चरणारी उत्तरेची गुरे तापाने पटापट मरत. दक्षिणेच्या गुरांच्या श्वासात, लाळेत किंवा शेणात विष असते, असे विद्वान म्हणत. गुराखी म्हणत की हे काम गोचिडीचे. आणि त्यांच्या या म्हणण्याची थट्टा होई. थिओबाल्ड स्मिथ व किलबोर्न या दोघा संशोधकांनी थट्टा केली नाही. त्यांनी कुंपणे घालून निरनिराळी शेते राखली. एकात दक्षिणेची गुरे गोचिडींसह सोडली. दुसऱ्यात तशीच गुरे, पण अंगावरची प्रत्येक गोचीड हाताने वेचून काढलेली. तिसऱ्यात दक्षिणेचे जनावर एकही नाही, गवतावर नुसत्या गोचिडी पसरलेल्या. या तिन्ही शेतांत उत्तरेची गुरे ठेवली. पहिल्या व तिसऱ्या शेतातली आजारी पडली. दुसऱ्यातली सुखरूप राहिली. पुढे असेही आढळले की रोगाचे बीज आई उचलते आणि तिच्या अंड्यांतून निघालेली पिले ते दुसऱ्या जनावरास पोचवितात. १८९३ साली हा शोध प्रसिद्ध झाला. सिकंदराबादेस रोनाल्ड रॉस यांस डासाच्या पोटात हिवतापाचा जंतू सापडला तो यानंतर चार वर्षांनी, १८९७ मध्ये. अमेरिकेने पुढे दक्षिणेची गुरे मारली नाहीत. १९०६ पासून त्यांस औषधी पाण्याच्या हौदांतून पोहत नेले, आणि १९४३ पर्यंत जवळजवळ सारा देश त्या गोचिडीपासून मुक्त केला.

आता आपल्या घराकडे वळू. १९५७ साली म्हैसूर राज्यातील शिमोगा जिल्ह्यात, सोरब तालुक्यातल्या क्यासनूर नावाच्या जंगलात माकडे मरून पडू लागली, आणि भोवतालच्या खेड्यांतील माणसे तीव्र तापाने अंथरुणास खिळली. पुण्यास १९५२ साली स्थापन झालेले विषाणू संशोधन केंद्र, जे आज राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्था म्हणून ओळखले जाते, तेथील मंडळी तातडीने गेली. प्रथम भय वाटले ते पीतज्वराचे. कारण दक्षिण अमेरिकेतील अरण्यांत माकडे मरू लागली म्हणजे पीतज्वर आला असे समजतात, आणि हिंदुस्थानात तर तो रोग कधीच शिरला नव्हता. परंतु त्याच वर्षी मेलेल्या माकडापासून जो विषाणू वेगळा करण्यात आला, तो पीतज्वराचा निघाला नाही. तो जगास अपरिचित होता, आणि त्याचे जवळचे नाते होते रशियातील अरण्यांत गोचिडींमार्फत पसरणाऱ्या एका मेंदूज्वराशी.

रशियाचे नाव निघताच संशय पाहुण्यांवर गेला. दर हिवाळ्यात उत्तरेकडून येणाऱ्या पक्ष्यांनी तर हे विष आणले नसेल? सालिम अली यांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने हजारो पक्षी जाळ्यात धरले, त्यांच्या अंगावरच्या गोचिडी तपासल्या आणि पायांत वाळी घालून त्यांस सोडून दिले. पक्ष्यांच्या प्रवासाविषयी अमोल माहिती त्यातून मिळाली. मात्र हा रोग त्यांनी आणल्याचा पुरावा मिळाला नाही. पाहुणे सुटले; उरले माकड. कानडी मुलखात लोकांनी रोगास 'माकडाचा आजार' अशाच अर्थाचे नाव दिले होते, मराठीत तोच माकडताप झाला, आणि आरोपीचे नाव कायम झाले.

वास्तविक रोगाचे रहाटगाडगे असे चालते. ही रानगोचीड आपल्या आयुष्यात तीन वेळा तीन निरनिराळ्या प्राण्यांच्या रक्तावर जगते. पावसाळा सरताना अंड्यांतून निघालेली सहा पायांची पिले उंदीर, चिचुंद्री, पक्षी, क्वचित माकड, यांस चिकटतात. पोट भरले की ती गळून पडतात, कात टाकतात आणि आठ पायांची होतात. हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत ही खसखशीच्या दाण्याएवढी मधली अवस्था पालापाचोळ्यात दबा धरून असते. पुढच्या पायांवरील इंद्रियाने तिला जाणाऱ्या-येणाऱ्याच्या श्वासाची चाहूल लागते. तिचा दंश बहुधा कळत नाही. माणसास ताप येतो तो हिच्याकडून. शेवटी पूर्ण वाढलेली गोचीड मोठी जनावरे गाठते: रानात सांबर, गवा, आणि रानाच्या कडेस आपली गाय, आपली म्हैस.

येथे जरा थांबावे असे आम्हांस वाटते. गाईस या विषाणूने सहसा काही होत नाही, म्हणून तिचे नाव कोणी घेतले नाही. परंतु रानात चरावयास गेलेली गुरे ही पूर्ण वाढलेल्या गोचिडीस मिळालेली भरल्या ताटांची पंगतच होय. १९६९ साली पुण्याच्या केंद्रातील संशोधक बोशेल यांनी हेच दाखवून दिले की, जंगल तोडून शेती झाली, गावे वाढली, गुरे रानाच्या कडेस चरू लागली, तसतशी तेथे गोचिडींची संख्या वाढत गेली. म्हणजे विषाणू रानात पूर्वीपासून गुपचूप नांदत असावा. त्याला मोठी वाट करून दिली ती आपल्या कुऱ्हाडीने आणि आपल्या दावणीने. ज्यांचे बालपण गोठ्याजवळ गेले, त्यांस संध्याकाळी गाईच्या कानामागून, कासेतून गोचिडी वेचून निखाऱ्यावर टाकणारी आजी आठवत असेल. तिला विषाणू ठाऊक नव्हता. पण जनावराच्या अंगावर काय आहे ते रोज पाहावे, एवढे तिला ठाऊक होते.

आणि माकड? ज्यास आपण आरोपी ठरविले, ते या प्रकरणात पहिले मरणारे आहे. काळ्या तोंडाचे वानर काय, लाल तोंडाचे माकड काय, दोघेही या रोगाने मरतात. माकड मरून पडले की त्याच्या अंगावरच्या गोचिडी थंड होत चाललेले शरीर सोडून त्याच झाडाखाली पसरतात व पुढच्या प्राण्याची वाट पाहतात. आता आमच्या स्नेह्यांच्या उपायाचा विचार करावा. वानरे मारून रानात पाडली, तर गोचिडी मरत नाहीत. त्यांचा मुक्काम तेवढा हलतो, आणि तो बहुधा बागेत कामास आलेल्या मनुष्याच्या पायाशी. शिवाय रोग आल्याची खबर जे सर्वांआधी देत होते, तेही आपण गप्प केलेले असते.

ही खबर कोणासाठी, तेही पाहावे. हा रोग २०१५ साली गोव्यात सत्तरी तालुक्यात आणि २०१६ साली आमच्या सिंधुदुर्गात दोडामार्ग तालुक्यात उद्भवला. काजूचा हंगाम आणि गोचिडीच्या त्या मधल्या अवस्थेचा हंगाम एकच. बोंडे वेचण्यासाठी वाकलेली बाई, सरपणास गेलेली मुलगी, गुरांमागे फिरणारा मुलगा, यांनाच ती चावते. अचानक भरणारा ताप, असह्य डोकेदुखी व अंगदुखी, कित्येकांस नाकातोंडातून रक्त. आणि शंभरांत तीन ते पाच दगावतात. रोगावर हमखास औषध नाही. वेळेवर केलेली शुश्रूषा हाच आधार. कर्नाटकात १९९० पासून लस टोचली जात असे. पण तिचे बळ अपुरे ठरल्याने ती मागे पडली. रोग माणसाकडून माणसास होत नाही, हे त्यातल्या त्यात समाधान.

मग करावे काय? अमेरिकेतल्याप्रमाणे गुरे हौदातून पोहवून हा प्रश्न मिटणार नाही. कारण ही गोचीड उंदरावरही जगते आणि गव्यावरही, व साऱ्या रानास कोणी आंघोळ घालू शकत नाही. तरी पुष्कळ हातात आहे. मेलेले माकड दिसले तर त्यास हात न लावता आरोग्य खात्यास कळवावे. त्या जागी मजुरांस पाठवू नये. रानात जाताना अंग झाकावे, अंगास गोचीड दूर ठेवणारे तेल लावावे आणि परतल्यावर गरम पाण्याने स्नान करून कपडे धुवावेत. गुरांच्या अंगावरच्या गोचिडींचा पशुवैद्यांच्या सल्ल्याने बंदोबस्त करावा. यांतील पहिली गोष्ट सर्वांत स्वस्त, आणि सर्वांत सहज राहून जाणारी. कारण जंगलात मेलेले माकड प्रथम पाहतो तो गुराखी किंवा मजूर. आणि त्याने सांगितलेले खरे मानण्याची आपणा शिकलेल्या लोकांस फारशी सवय नाही. स्मिथ यांस ती होती, म्हणून त्यांस गोचीड सापडली.

आमच्या स्नेह्यांस आम्ही हे सारे पत्राने कळविले. त्यांचे उत्तर दोन ओळींचे आले. वानरांविषयीचे आपले मत बदलण्यास ते तयार नाहीत. परंतु यंदा काजूच्या हंगामापूर्वी बागेत येणाऱ्या प्रत्येक बाईस तेलाची बाटली द्यावयाची, आणि झाडाखाली माकड मेलेले दिसल्यास काम थांबवून पूर्ण मजुरी द्यावयाची, असे त्यांनी ठरविले आहे. आम्हांस त्यांच्याकडून याहून अधिक काही नको होते.