रोहिणीतली लावणी, टोरंटोतली

टोरंटोत भाजी लावायचा मुहूर्त राणी व्हिक्टोरियाच्या नावाने आहे. २५ मेच्या आधीचा सोमवार म्हणजे व्हिक्टोरिया डे. त्याला जोडून येणाऱ्या सुट्टीत रोपवाटिकांसमोर रांगा लागतात आणि गाड्यांच्या मागच्या सीटवर बसून टोमॅटो, मिरच्या, वांगी घरोघर जातात. मेच्या मध्यापर्यंत एखादी रात्र शून्याखाली जाऊ शकते आणि टोमॅटोचे कोवळे रोप त्या एका रात्रीत काळे पडते, म्हणून त्याआधी लावायचे नाही, हा इथला जुना दंडक.

आपल्याकडे त्याच सुमाराला, २५ मेच्या आसपास, सूर्य रोहिणीत जातो आणि ७-८ जूनला मृग लागते. कराडजवळ माझ्या माहेरी याच पंधरवड्यात परसातली आळी खणून होतात, दोडक्या-कारल्याचे बी फडक्यातून बाहेर निघते. तिथे पावसाची वाट बघतात, इथे थंडी हटायची. मातीत हात घालायचे दिवस मात्र तेच. मी वाफे करत असते तेव्हा फोनवर आई सांगते, "आमचीबी आळी झाली गं." हजारो मैलांवर असूनही आमच्या दोघींच्या नखांत एकाच आठवड्यात माती असते, याचा मला फार आधार वाटतो.

लावणी मेमध्ये असली तरी काम मार्चमध्येच सुरू होते. खिडकीबाहेर बर्फ असताना तळघरात दिव्याखाली बी रुजवायचे, आधी मिरची आणि वांगी, मग दोन आठवड्यांनी टोमॅटो. मेमध्ये रोपांना आठवडा-दहा दिवस बाहेरच्या वाऱ्या-उन्हाची सवय लावायची, पहिल्या दिवशी तासभर, मग हळूहळू दिवसभर. घर जुने असेल तर भिंतीलगतची माती आधी तपासून घ्यावी, तिच्यात जुन्या रंगातले शिसे उतरलेले असू शकते. लाकडी चौकटीत नवी माती भरून उंच वाफे केले की ती काळजी मिटते. भेंडी आणि गवारीला मात्र जूनपर्यंत थांबवावे. गार मातीत त्यांचे बी रुजण्याआधी कुजते.

पण इथल्या बागेचा खरा मालक आहे तो दिवस. टोरंटो पुण्यापेक्षा पंचवीस अंशांनी उत्तरेला. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात इथे दिवस जवळपास साडेपंधरा तासांचा होतो. पुण्यातला सर्वांत मोठा दिवस सव्वातेरा तासांचा. टोमॅटोला यात आनंदच आहे. वालपापडीचे तसे नाही. आपल्याकडच्या तिच्या अनेक जाती रात्र पुरेशी लांबल्याशिवाय फुलावर येत नाहीत. इथे तो वेल जुलै-ऑगस्टभर कुंपण झाकून टाकतो, एक फूल दाखवत नाही. सप्टेंबरात तुरे काढतो, आणि शेंगा भरण्याच्या आत थंडी त्याला गाठते. अशा वेलाला खत कमी पडले असेल म्हणून ओळखीची माणसे त्याच्या बुडाशी शेणखत ओतत राहतात. खत पुरेसे असते. तो वेल रात्रीची लांबी मोजत थांबलेला असतो. इथे वाल हवाच असेल तर दिवसाच्या लांबीशी देणेघेणे नसलेली जात निवडावी. गावाकडून बी आणायचा मोह होतो, पण सामानातले बी विमानतळावर जाहीर करावे लागते, आणि त्याचे नियम आधी वाचलेले बरे.

वालाला जे नडते तेच अंबाडीच्या पथ्यावर पडते. तीही लांबलेल्या रात्रींवर फुलणारी, म्हणून इथल्या उन्हाळ्यात ती पानांमागून पाने देत राहते, आणि आपल्याला पानेच हवी असतात. कण्या आणि लसणाची फोडणी घातलेली अंबाडीची भाजी जुलैपासून थंडीपर्यंत. परदेशात पहिली बाग करणाऱ्या प्रत्येकीला मी आधी अंबाडी लावायला सांगते. कोथिंबिरीला मोठे ऊन सोसत नाही, ती लगेच तुऱ्यावर येते. एप्रिल-मेमध्ये एकदा आणि ऑगस्टअखेर पुन्हा पेरावी. मेथी डब्यातल्या दाण्यांचीच, मेच्या गारव्यात महिन्याभरात खुडायला तयार.

आणि काही भाज्या पेराव्याच लागत नाहीत. चाकवत इथे वाफ्यावाफ्यात तण म्हणून उगवतो आणि लोक उपटून पालापाचोळ्याच्या पिशवीत भरतात. घोळ तर फरशीच्या फटीतसुद्धा येते. नीट ओळख पटवून, औषध न फवारलेल्या जागेतली घेतली तर ताकातला चाकवत इथेही कराडसारखाच लागतो. शेजारचे आजोबा पोर्तुगालच्या अलेंतेजू भागातले. तिकडे घोळीचे सूप करतात, त्यामुळे गल्लीत घोळ जपणारी घरे दोन, त्यांचे आणि माझे. थंडीआधी ते आपले अंजिराचे झाड वाकवून मातीखाली गाडतात आणि वसंतात पुन्हा उभे करतात. टोरंटोतल्या जुन्या इटालियन आणि पोर्तुगीज घरांची ही विद्या मी त्यांच्याजवळ उभी राहून पाहिली.

वेलींना पाहुणे लागतात. दुधीची पांढरी फुले संध्याकाळी उमलतात, पतंगांसाठी. पतंग फिरकले नाहीत तर तिन्हीसांजेला नरफूल तोडून मादीफुलावर फिरवावे. इवलासा दुधी देठाशी घेऊन बसलेले फूल ते मादीचे. लाल भोपळ्याला हा त्रास नाही. युरोपीय येण्याआधीपासून वेंडॅट लोक या भागात मका, घेवडा आणि भोपळा एकत्र लावत आले, आणि भोपळ्याच्याच फुलांवर जगणारी एक मधमाशी इथे आहे. ती वेलाजवळच्या जमिनीत बिळे करते, पहाटे कामाला लागते, आणि दुपारी फुले मिटतात तेव्हा तिचे नर आत झोपलेले असतात. म्हणून माझी भोपळ्याच्या वेलाजवळ खोल खुरपायची तयारी नसते, आणि भज्यांसाठी नरफुले तोडायची ती सकाळी, पूर्ण उमललेली असतानाच.

सप्टेंबर संपता संपता रोज रात्रीचा पारा बघून ठेवते. शून्याची बातमी आली की झाडावरचे सगळे हिरवे टोमॅटो उतरवायचे, त्यांची तीळ-दाण्याचे कूट घालून चटणी होते. ऑक्टोबरमध्ये मोकळ्या झालेल्या वाफ्यात लसणाच्या पाकळ्या टोक वर करून लावायच्या, वरून पाचोळ्याचा जाड थर. ती हिवाळाभर बर्फाखाली राहते, जूनमध्ये तिचे दांडे चटणीला मिळतात आणि जुलैत गड्डे. अंबाडीच्या फोडणीला तेव्हा घरचीच लसूण असते.