दारातला खर्ज

गाडीत तंबोऱ्याची जवारी ऐकू येते, पण खर्जाची, सर्वांत खालच्या सुराची, तार येत नाही, ही माझी जुनी तक्रार. रोज कामाला निगडीहून स्पाइन रोडने मोशी, पुढे नाशिक महामार्गाने चिंबळी, कुरुळी करत चाकण एमआयडीसी. संध्याकाळी हाच रस्ता उलटा, बहुतेक वेळा ट्रेलरच्या रांगेत अडकून. एवढा वेळ भीमसेन जोशी किंवा किशोरी आमोणकर सोबतीला असतील, तर ते नीट ऐकू यावेत असं मनापासून वाटायचं. गाडी मात्र सेकंडहँड हॅचबॅक. तिच्यात चाळीस-पन्नास हजारांची सिस्टिम बसवणं मला शक्य नव्हतं.

दुकानात सल्ला एकच मिळाला : "साहेब, डिकीत वूफर टाका." मला ते पटेना. पुरुष गायकाचा षड्ज काळी एकचा धरला, तर तंबोऱ्याचा खर्ज साधारण 69 हर्ट्‌झवर येतो. दारातला साडेसहा इंची स्पीकर तिथपर्यंत बऱ्यापैकी उतरतो. मग आवाज जातो कुठे?

आधी फुकटातली तपासणी केली. दीड व्होल्टचा सेल घेतला, त्याची धन बाजू स्पीकरच्या धन टोकाला क्षणभर टेकवली, की पडदा बाहेर उचलला गेला पाहिजे. डावा उचलला गेला. उजव्याला गाडीच्या वायरीकडून तसाच सेल लावला, तर पडदा आत गेला. कुणीतरी बसवताना त्याच्या वायरी उलट्या जोडल्या होत्या. एक पडदा पुढे येताना दुसरा मागे जातो, तेव्हा खालचे सूर एकमेकांना खाऊन टाकतात. वायरी बदलल्या आणि डग्ग्याला वजन आलं.

खरा दोष दारात होता. मी प्रेस शॉपमध्ये काम करतो. दाराचा बाहेरचा पत्रा पाऊण मिलिमीटरच्या आसपास असतो, तो रोज हाताखालून जातो. कारखान्यात गाडीच्या फ्लोअरवर डांबरी पॅड टाकतात, ते पेंट शॉपच्या भट्टीत वितळून पत्र्याला घट्ट धरतात. स्वस्त गाडीच्या दाराला एवढं नशीब नसतं. शिवाय आतल्या पत्र्यात काचेच्या यंत्रणेसाठी मोठमोठी भोकं असतात. स्पीकरच्या पुढून निघालेली लहर आणि मागून निघालेली उलटी लहर त्या भोकांतून एकत्र आल्या, की खर्ज संपला. दार म्हणजेच त्या स्पीकरची पेटी, आणि आमची पेटी चारी बाजूंनी उघडी होती.

सुट्टीच्या दिवशी पॅनल उतरवलं. क्लिपा धातूच्या स्क्रू-ड्रायव्हरने काढू नयेत, प्लास्टिकची पट्टी वापरावी. बाहेरच्या पत्र्याची धूळ-ग्रीस थिनरने पुसून त्यावर ब्यूटिल शीट रोलरने दाबली. पूर्ण पत्रा झाकायची गरज नसते. मधल्या भागाचा चौथा हिस्सा झाकला तरी थरथर बरीच थांबते. डांबरी शीट स्वस्त मिळते, पण आपल्या एप्रिल-मेच्या उन्हात ती सुटते आणि वास मारते. आतली मोठी भोकंही शीटने बंद केली. स्पीकरखालच्या रिंगा एमडीएफच्या घेतल्या असत्या तर पावसाळ्यात फुगल्या असत्या, म्हणून एचडीपीईच्या जाड तुकड्यातून कापल्या. तो तुकडा कुदळवाडीच्या भंगार बाजारातला. 2025 च्या फेब्रुवारीत महापालिकेने तिथली दुकानं पाडली, आता अशा वस्तू शोधताना वणवण होते. सगळा खर्च चार हजारांच्या आत बसला. स्पीकर तेच, जुने.

नंतर बास बूस्ट आणि लाउडनेस बंद केले, गाणी 320 केबीपीएसची भरली. खोक्यावर '50 गुणिले 4 वॉट' छापलेल्या प्लेअरमधून सलग मिळतात ते चॅनेलला पंधरा-वीस वॉट. माझ्या कामाला तेवढे पुरतात. महामार्गावर वेगात टायरचा घोष अजूनही खालचे सूर झाकतो, त्यावर या खर्चात उपाय नाही. पण कुरुळीच्या कोंडीत गाडी उभी असते तेव्हा खर्जाची तार स्पष्ट, वेगळी ऐकू येते.

तुम्हीही नवे स्पीकर किंवा वूफर घेण्याआधी दार उघडून बघा, सेल लावून बघा. आणि शीट चिकटवताना दाराच्या तळाची पाणी निघून जाण्याची भोकं तेवढी बुजवू नका, नाहीतर एका पावसाळ्यात पत्रा गंजेल.