सिएनाच्या चौकात धिराची शर्यत

इटलीतील सिएना शहराचा मुख्य चौक शिंपल्याच्या आकाराचा, एका बाजूला उतरत गेलेला. एरवी तिथे पर्यटक ऊन खात निवांत बसलेले दिसतात. पण २ जुलै आणि १६ ऑगस्टला चौकाच्या कडेने पिवळसर माती अंथरली जाते आणि ‘पालिओ’ची शर्यत रंगते. शहरातील १७ मोहल्ल्यांपैकी १० मोहल्ल्यांचे घोडे धावतात. खोगीर नाही, तीन फेऱ्या, जेमतेम दीड मिनिटाचा खेळ!

खरी कसोटी मात्र त्याआधीची. नऊ घोडे दोरांच्या मध्ये उभे राहतात. दहावा मागून धावत आला की शर्यत सुटते. तो कधी येईल, हे त्याच्या स्वाराच्या मर्जीवर! कधी कधी तासभरही जातो. अशा वेळी स्वाराने श्वास रोखून मांड आवळली, की त्याची धास्ती घोड्याला कळते आणि तो बिथरतो.

मग धीर येतो कुठून? सरावातून. घोडा चिठ्ठी टाकून मिळतो, ओळखीला दिवस चारच. तेवढ्यात सहा सराव-शर्यती होतात. सान मार्तिनोचे गाद्या लावलेले अवघड वळण अंगवळणी पडते. मोतद्दार तर रात्रीही घोड्याजवळून हलत नाही.

परीक्षेच्या सकाळी आपल्या घरीही हेच घडते, नाही का? आईबाबा शांत, तर मूल शांत!