चेहरा मागून घ्यावा

वर्ध्याहून सेवाग्राम जेमतेम आठ किलोमीटर. गांधीजी १९३६ साली इथे राहायला आले तेव्हा या खेड्याचं नाव शेगाव होतं; १९४० मध्ये ते सेवाग्राम झालं. मातीच्या भिंती, कौलारू छप्पर, बाहेर गार सावली. आपल्या आजोळच्या घराची आठवण व्हावी अशी ही बापूकुटी! आत पाऊल टाकलं की बोलणं आपोआप हळू होतं.

याच आश्रमात कनू गांधी नावाचे विशीतले तरुण कचेरीचं काम बघत. नात्यानं गांधीजींच्या पुतण्याचे चिरंजीव. त्यांना फोटो काढायचा भारी नाद. पण कॅमेरा आणायचा कुठून? शेवटी घनश्यामदास बिर्लांनी १०० रुपये दिले आणि रोलिफ्लेक्स कॅमेरा आला. बापूंनी होकार दिला तो मात्र तीन अटींवर : फ्लॅश मारायचा नाही, ‘असे बसा, इकडे बघा’ म्हणायचं नाही आणि आश्रमाकडून खर्चाला पैसे मिळायचे नाहीत. या अटी सांभाळून कनूंनी गांधीजींच्या अखेरच्या दहाएक वर्षांचे फोटो काढले. १९४४ साली आगाखान पॅलेसमध्ये बापूंच्या मांडीवर डोकं ठेवून कस्तुरबा शेवटच्या घटका मोजत होत्या, तेव्हा मात्र बापूंनी त्यांना फोटो काढू दिला नाही. घरच्या माणसालासुद्धा नाही!

आणि आपण? जत्रा असो, दिंडी असो, की लग्नाची वरात, हातात मोबाईल असतोच. सुरकुतलेला चेहरा दिसला, नऊवारीतली आजी दिसली, की उचलला फोन! तिला विचारतं कोण?

फेब्रुवारी २०२३ मध्ये वर्ध्यात ९६ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं होतं. तुडुंब गर्दी. बाहेरच्या रस्त्यावर एक बाई बोरं विकत होत्या. कपाळावर ठसठशीत कुंकू, चेहरा उन्हानं रापलेला. येणारे-जाणारे त्यांचे फोटो काढत आणि बोरं न घेताच पुढे जात. मी पावशेर बोरं घेतली, शेजारी टेकले आणि विचारलं, “मावशी, एक फोटो काढू का?”

“कायले? सकाळपासून किती जणांनी काढले. मले कोणी दाखवला का?” मग जरा थांबून म्हणाल्या, “काढ. पण एक मले पाहिजे. माह्या घरी माहा एकबी फोटो नाही, आधार कारडाचा सोडून. मेल्यावर पोरं तोच मोठा करून भिंतीवर लावतीन.”

त्या दिवशी त्यांचे किती फोटो निघाले असतील! कुठल्या कुठल्या शहरांत पोचलेही असतील. ज्यांचा चेहरा, त्यांच्या घरची भिंत मात्र रिकामीच. मी चौकातल्या स्टुडिओतून दोन प्रती छापून आणून दिल्या. त्यांनी हात पदराला पुसले, मगच फोटो हातात धरला. “बरी दिसते की मी,” एवढंच म्हणाल्या.

मैत्रिणींनो, फोटो जरूर काढा. पण आधी दोन शब्द बोला. लेकरू असेल तर त्याच्या आईला विचारा. ‘नको’ म्हटलं तर हसून फोन पर्समध्ये टाका. कुणी रडत असेल, पूजेत असेल, पाजत असेल, तर विचारूसुद्धा नका. काढलेला फोटो लगेच दाखवा, जमलं तर छापून द्या. फार खर्च येत नाही. आणि न विचारता तो व्हॉट्सॲपवर टाकू नका. आपल्या लेकीचा फोटो असा परक्याच्या फोनवर फिरलेला आपल्याला चालेल का?

एक गंमत सांगते. रोलिफ्लेक्स डोळ्याला लावत नाहीत. तो पोटाशी धरून वरून त्याच्या काचेत बघायचं असतं. म्हणजे फोटो काढणाऱ्याची मान समोरच्या माणसापुढे आपसूकच झुकलेली! मोबाईलला ही सोय नाही. ती आपली आपणच करायची.